खिळ्यावर टांगलेल्या डिस्का

गिरणीत पीठ कुठं कुठं जाऊन बसतं ते गिरणीवालीलाच माहीत. पापण्यांवर, देवाच्या फोटोवर, मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात! किस्स्यांचंही तसंच आहे. आपण मागायला जात नाही, पण एका जागेवर वीस वर्षं बसलं की ते आपोआप अंगावर येऊन बसतात. त्यात माझी गिरणी आणि प्रवीणचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, दोघांत मिळून एकच भिंत, तीही पत्र्याची. मी कान देत नाही, कानच तिकडं जातात. खोटं कशाला सांगू, पत्र्याला एक भोकही आहे. ते मी पाडलेलं नाही. बुजवलेलंही नाही.

मी सातवी पास. कॉम्प्युटरला हात लावते तो फक्त वरचं पीठ पुसायला, तेही प्रवीण पत्र्यावर टकटक करून "काकू, पीठ!" असं ओरडला की. पण डिस्क ह्या विषयावर आमच्या गावात माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नसेल.

डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं पोट. फोटो, व्हिडिओ, जे काय आत टाकाल ते तिच्यात साठतं. पूर्वीची हार्ड डिस्क जाडजूड असायची, आत तबकडी गरगर फिरायची. आता एसएसडी आली. बिस्किटाएवढी. आत काही फिरत नाही, काही वाजत नाही, कॉम्प्युटर मात्र भुर्रकन चालू होतो.

मेलेली डिस्क प्रवीण फेकत नाही. दुकानात मागच्या बाजूला त्यानं एक फळी ठोकलीय आणि तिच्यावर खिळ्यांच्या रांगा. लाल खोक्याच्या कंपनीची एक रांग, निळ्या खोक्याची दुसरी, हिरव्याची तिसरी. इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून गिऱ्हाईकही लाल, निळी, हिरवी असंच म्हणतं. डिस्क गेली की तिला दोरा बांधायचा आणि तिच्या रांगेत टांगायची. "कशाला रे हे?" मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काकू, कंपनीवाला येतो तेव्हा म्हणतो आमचा माल मरतच नाही. मग मी नुसतं बोट दाखवतो!"

*

आमच्या समोर बबनरावांचं फ्लेक्स छापायचं दुकान. वाढदिवस, सत्कार, दशक्रिया, सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडं. जुनी हार्ड डिस्क होती तेव्हा बबनराव तिला कान लावून बसायचे. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग ऐकतात तसे. "कटकट करायला लागलीया. अजून आठवडा काढंल," असं सांगायचे, आणि बरोब्बर आठव्या दिवशी ती जायची! बबनरावांना त्या कानाचा लई अभिमान.

मग त्यांनी एसएसडी बसवली. एक दिवस सकाळी सकाळी कॉम्प्युटर कडेवर घेऊन धावत आले.

"प्रवीण, अरे काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत व्हती! एकदा खोकलीसुद्धा न्हाई!"

प्रवीण म्हणाला, "बबनराव, ही नवी जात खोकत नाही. उभी आहे, उभी आहे, आणि पडली."

त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या दशक्रियेचा बॅनर द्यायचा होता. म्हाताऱ्याचा एकुलता एक चांगला फोटो त्या डिस्कमध्ये. बाहेर मुलगा उभा. बबनरावांच्या कपाळावर घाम. प्रवीणनं दोन तास झटापट केली, पण काही हाती लागलं नाही. शेवटी बबनराव बाहेर गेले आणि त्या मुलाला म्हणाले, "दादा, तुमचं वडील गेलं दहा दिवसांपूर्वी. माझ्याकडनं ते आज गेलं."

*

ह्याच बबनरावांचा पुढचा भाग. डिस्क वॉरंटीत होती, म्हणून प्रवीणनं कंपनीला फोन लावून दिला. स्पीकरवर. पलीकडून मुलगी हिंदीत बोलत होती.

"सर, आपके पास बॅकअप है?"

बॅकअप म्हणजे त्याच फोटोंची दुसरीकडं ठेवलेली नक्कल, हे मला आता कळतं. तेव्हा मलाही माहीत नव्हतं आणि बबनरावांना तर त्याहून नाही.

"है ना!" बबनराव छाती फुगवून म्हणाले. "चार घंटे का है! पंखा भी चलता है!"

पलीकडं सगळं गप्प. प्रवीणनं कपाळ टेबलावर टेकवलं. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, मैं आपको होल्ड पर रखती हूँ."

बबनराव पत्र्याच्या भोकाकडं वळून म्हणाले, "बघितलं का मंदाताई? इन्व्हर्टरचं नाव काढल्यावर कशी गप झाली!"

*

डिंगोरे गावचे एक पाव्हणे आले. माझ्या माहेरचेच, पण ओळख दाखवली नाही, मी पण नाही दाखवली. ठिबकच्या ऑटोमॅटिक मशीनच्या कॉम्प्युटरला त्यांना डिस्क घालायची होती. तीन खोकी समोर ठेवून घेतली, लाल, निळी, हिरवी, आणि विचारलं,

"उगवण किती टक्के?"

"मामा, बियाणं नाही हे."

"बरं. मंग शंभरातल्या मरत्यात किती?"

"ते कंपनी सांगत नाही. खोक्यावर तासांचा आकडा असतो, तो त्यांच्या लॅबमधला."

"म्हंजी सारखंच की! पाकिटावर एक आन् वाफ्यात दुसरंच!" पाव्हणे खूश झाले. मग खोकं उलटं करून बारीक अक्षरं बघायला लागले. "लॉट नंबर कुठला म्हणायचा?"

प्रवीण हसला. "मामा, कांद्याचं बी नाही घेत तुम्ही."

"नसू दे. कंपनी तीच असती राव, पण एखादा लॉट घात करतो. टमाट्याला दोन वर्षांमागं माझा झाला. तुमच्या त्या टांगलेल्या हायेत ना, त्यांचे नंबर बघा की एकदा."

प्रवीण हसता हसता उठला. हिरवीच्या रांगेतल्या दोन्ही डिस्का त्यानं उलट्या केल्या आणि नंबर वाचले. मग त्याचं हसू गेलं.

"काय झालं?" पाव्हण्यांनी विचारलं.

"दोन्ही एकाच लॉटच्या."

पाव्हण्यांनी हिरवं खोकं दोन बोटांनी बाजूला सरकवलं आणि लाल उचललं. जाताना माझ्याकडं बघून म्हणाले, "माहेरच्या माणसाला चहा तरी इचारायचा, मंदे!"

मी चहाच्या मागं लागले. हिरव्या खोक्याचं काय ते तेव्हाच मनावर घ्यायला पाहिजे होतं. घेतलं नाही.

*

आता सुमनचं सांगायला पाहिजे, कारण ह्यात माझा हात आहे.

सुमन पण माझ्या माहेरची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पाळण्यात होती. दिली येडगावच्या बाजूला, वस्तीवर. घर शेतात, तिन्ही बाजूंनी ऊस. नवरा भरत चाकणला कंपनीत, रात्रपाळी असली की संध्याकाळी मोटारसायकलवर आमच्या फाट्यापर्यंत येतो आणि पुढं कंपनीची बस. म्हणजे धारांच्या वेळेला सुमन घरात एकटी, आणि घरापासून गोठा तीस पावलं.

ती तीस पावलं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मागच्या वर्षी तिच्या पायरीवरून कुत्रा नेला बिबट्यानं. शेजारच्या वस्तीवरची कालवड नेली. घराला अंगणाकडं खिडकी नाही, म्हणून भरतनं अंगणात दोन कॅमेरे लावले आणि स्वयंपाकघरात एक जुना कॉम्प्युटर ठेवला. सुमनला नियम घालून दिला. आधी स्क्रीन बघायची. अंगण मोकळं दिसलं तरच दाराची कडी काढायची.

त्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क गेली. डिंगोऱ्याचे पाव्हणे येऊन गेले त्याच आठवड्यात सुमन गोणपाटात कॉम्प्युटर गुंडाळून घेऊन आली. प्रवीण म्हणाला, "वहिनी, लाल-निळी दोन्ही संपल्यात, लाल चार दिवसांनी येईल. तोवर थांबता का?"

"चार दिवस? धारा काय डोळं झाकून काढू?"

आता मला गप्प बसवेना. भोकातून मला फळी दिसतच होती. लाल रांगेत अकरा डिस्का. हिरव्या रांगेत दोन.

"लाल कशाला पाहिजे बाई?" मी पत्र्याअलीकडून ओरडले. "लाल अकरा मेल्यात! हिरव्या दोनच! हिरवी टाक रे प्रवीण!"

"काकू, तुम्ही दळा."

"मोजून सांगतेय मी!"

"तसं नसतं ते..." प्रवीण कचरत होता. "दोन गेल्यात, त्या एकाच लॉटच्या. ही पण त्यातलीच असंल."

सुमन म्हणाली, "आक्का मोजून सांगतीया तर हिरवीच टाका. मला आज पाहिजे."

त्यानं टाकली. वर म्हणाला, "कॅमेऱ्याचं काम लई वाईट, वहिनी. दिवसरात्र लिहीत राहतं, डिस्क झिजते. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा."

सुमन गेली आणि मी दिवसभर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत बसले, डिस्क घ्यायची तर हिरवीच घ्या गं!

*

महिना झाला. शाळेतनं रिटायर झालेले गुरुजी बाजरी घेऊन आले. त्यांनाही मी सांगितलं. लाल अकरा, हिरव्या दोन. म्हणजे हिरवी चांगली.

गुरुजींनी डबा खाली ठेवला.

"मंदाबाई, दळणात खडे कशात सापडतात जास्त?"

"गव्हात."

"आणि नाचणीत?"

"नाचणी येतीच कुठं गुरुजी! महिन्यातनं एखादी पायली."

"मग गहू वाईट आणि नाचणी चांगली, असं म्हणायचं का?"

मी हसले. मग माझा हात चाळणीतच राहिला. गुरुजी तेवढ्यावरच निघाले. शिकवायची त्यांची रीतच ती, अर्ध्यात सोडून द्यायचं. त्यांच्या वर्गात असते तर वळ उठेपर्यंत छडी खाल्ली असती मी.

गिरणी तशीच चालू ठेवून मी प्रवीणच्या दारात गेले.

"हिरव्या आजवर किती विकल्यास रे?"

"सहा."

"आणि लाल?"

"ते कोण मोजतंय काकू! फाट्यावरचं निम्मं मार्केट लालवर चालतंय."

"आणि खिळ्यावर हिरव्या दोनच ना?"

"दोन होत्या तेव्हा. आता चार. मधल्या काळात आणखी दोन गेल्या." त्यानं टेबलाकडं बोट दाखवलं. "पाचवी सकाळी आली. ती बघा."

"आणि सहावी?"

प्रवीणनं हातातला पेचकस खाली ठेवला.

"सहावी सुमनवहिनींची."

*

मी तिथल्या तिथं सुमनला फोन लावला.

"कशी चाललीया गं डिस्क?"

"झकास! तुमच्या हिरवीला काय धाड भरलीया, आक्का! मी तर शेजारच्या वस्तीवर पण सांगितलं, हिरवीच घ्या म्हणून!"

प्रवीणनं फोन घेतला आणि सांगितलं, लाल मागवतोय, गुरुवारी मी स्वतः येऊन बदलून देतो. तोवर भरतदादाला घरी थांबता येतं का बघा.

येत नव्हतं. रजा संपल्या होत्या.

मग मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायला लागले. "डिस्क बरी हाय का?" "रात्री काही झालं न्हाई ना तिला?" एक दिवस फोन भरतनंच उचलला. म्हणाला, "आक्का, दहा वर्षं झाली मी तुमचा जावई हाय. माझी तब्येत कधी एवढी इचारली न्हाई!"

*

ह्याच दिवसांत आंबेगावच्या डोंगराकडची एक बाई दुकानात आली. भात पिकवणारी माणसं, पावसात तिकडं घरात सगळं ओलंचिंब असतं. म्हणून लेकीच्या लग्नाच्या फोटोंची डिस्क तिनं प्लास्टिकमध्ये बांधून तांदळाच्या कणगीत ठेवली होती. तीन वर्षं. ना पाणी, ना धूळ, ना कुणाचा हात. आता लेकीला लेक झालेली, तिला आईचं लग्न दाखवायचं म्हणून काढली. प्रवीणनं लावून बघितली तर निम्मे फोटो उघडेचनात.

बाई म्हणाली, "आरं, मी तर हातसुदिक लावला न्हाई!"

"म्हणूनच, मावशी. ह्या नव्या जातीला मधूनमधून करंट लागतो. न वापरता ठेवली तर विसरायला लागते."

"आन् वापरली तर?"

"वापरली तर झिजते."

बाईनं डिस्क परत प्लास्टिकमध्ये बांधली. म्हणाली, "मंग माझ्यापरीस काय येगळी?"

मी पत्र्याअलीकडं बसून हे ऐकत होते, आणि सुमनला फोन करून 'बंद करून ठेव गं गुरुवारपर्यंत' म्हणायचा माझा विचार होता. पण बंद केली तर अंगण कोण दाखवणार? चालू ठेवली तर झिजणार. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

*

बुधवार. गुरुवारला एक दिवस राहिलेला.

सव्वापाचच्या सुमाराला भरत मोटारसायकलवर आला, गव्हाचा डबा ठेवला, "आक्का, घाईत हाय, बस सुटल," म्हणाला आणि फाट्याकडं गेला. डबा घ्यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, बारीक दळायचं का रवाळ, ते विचारायचं राहिलं. पुढं तीन दळणं होती. त्यांच्यातून डोकं वर काढेपर्यंत पावणेसहा झाले. गिरणीचं बटण बंद करून सुमनला फोन लावला.

"सुमे, गहू चपातीला का लापशीला?"

"चपातीला, आक्का. ठेवते. धारा काढायच्यात."

"अंगण बघितलंस का?"

"बघतीया की! रोज काय इचारायचं? मोकळं हाय. तुळस हाय, पाण्याचं पिंप हाय, ह्यांची मोटारसायकल हाय. झालं समाधान?"

"झालं बाई," म्हणाले आणि पिठाचा हात पदराला पुसला. हात तिथंच थांबला.

"काय म्हणालीस? काय काय दिसतंय?"

"तुळस, पिंप, मोटारसायकल. आंब्याखाली लावत्यात न्हाई का ते."

"अगं भरत मोटारसायकल घेऊन इथनं गेला! डबा त्यानंच ठेवला! फाट्यावर गेला तो!"

तिकडून कडीचा आवाज आला. काढल्याचा का लावल्याचा, कळेना.

"सुमे! कडी लाव! कडी लाव आधी!"

परत कडी वाजली. मग तिचा आवाज. "अर्धी काढली व्हती, आक्का. लावली. रोजच्या सवयीनं बघितलं, ध्यानातच आलं न्हाई."

मी पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवलं. प्रवीण धावत आला. मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढं धरला. दळणाला आलेल्या बायका डबे धरून उभ्या राहिल्या.

"वहिनी, स्क्रीनच्या कोपऱ्यात टाइम किती दिसतोय?"

"चार वाजून धा मिंटं."

माझ्या भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते.

"चित्र अडकलंय," प्रवीण म्हणाला. "डिस्क अडकली की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजतो. तुम्ही पावणेदोन तासांपूर्वीचं अंगण बघताय."

"गाया ओरडतायत का गं?" मी विचारलं.

"न्हाई, आक्का. आज गपच हायेत. एरवी ह्या टायमाला डोकं उठवत्यात."

प्रवीणनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

"वहिनी, ऐका. कॉम्प्युटरचं बटण दाबून धरा. दहा अंक मोजा, मग सोडा. मग परत एकदा दाबा."

ती मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिच्याबरोबर मी मोजत होते. माझ्या मागं बायका मोजत होत्या.

"दाबलं. काळी पडलीया स्क्रीन."

"थांबा."

"काळीच हाय."

"थांबा. कधीकधी शेवटचं एकदा उठते."

मी परत एकपासून मोजायला लागले.

"कंपनीचं नाव आलं. आता गोल फिरतंय."

"फिरू द्या."

"फिरतंच हाय." आणि मग, "आलं. चित्र आलं."

"टाइम बघा आधी."

"पाच त्रेपन्न."

"बरोबर आहे. आता सांगा, काय दिसतंय?"

"तुळस हाय. पिंप हाय."

"आणि मोटारसायकल?" मी विचारलं.

सुमन इतकी हळू बोलली, की मी स्पीकर बंद करून फोन कानात खुपसला.

"मोटारसायकल न्हाई, आक्का. तिच्या जागंवर बसलाय. दाराकडं तोंड करून."